ढाल, भाला आणि शपथ : अथेन्सच्या तरुणांची दोन वर्षे

प्राचीन ग्रीसमधील लष्करी शिक्षणाचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्पार्टा उभे राहते. सातव्या वर्षी घरातून नेलेली मुले, अनवाणी पाय, वर्षभर एकच वस्त्र, मुद्दाम अपुरे ठेवलेले अन्न, आणि चोरी केल्याबद्दल नव्हे तर चोरी करताना सापडल्याबद्दल मिळणारे फटके, ही चित्रे झेनोफन आणि प्लुटार्क यांनी रंगविली व पुढच्या काळाने ती जशीच्या तशी उचलली. आपल्याकडेही तरुणांच्या बेशिस्तीची चर्चा सुरू झाली की कोणीतरी स्पार्टाचा दाखला देतोच. त्या मानाने अथेन्सने आपल्या तरुणांसाठी उभारलेली व्यवस्था फारशी कोणाला ठाऊक नसते. 'एफिबिया' हे तिचे नाव. अठरा ते वीस या वयातील तरुणास 'एफीब' म्हणत. या व्यवस्थेचा इतिहास स्पार्टाइतका नाट्यमय नाही. परंतु नागरिक घडविता येतो काय, या प्रश्नावर तो अधिक प्रकाश टाकतो असे आम्हांस वाटते.

आरंभी स्पार्टाचा हिशेब चुकता करू. तेथील कठोर शिक्षणामागे एक भीती होती. मूठभर नागरिकांना हेलॉट नावाच्या, संख्येने कितीतरी मोठ्या दासवर्गावर सत्ता टिकवायची होती. हेलॉटांविरुद्ध दरवर्षी रीतसर युद्ध पुकारले जाई, म्हणजे त्यांच्या हत्येचे पाप लागू नये, असे ॲरिस्टॉटलच्या आधारे प्लुटार्क सांगतो. या यंत्रातून उत्तम सैनिक निघाले यात शंका नाही. पण सामुदायिक भोजनाची वर्गणी न देऊ शकणाऱ्याचे नागरिकत्व जाई, आणि नागरिकांची संख्या घटतच गेली. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्युक्ट्रा येथे थीब्जच्या सैन्यासमोर लढलेल्या सुमारे ७०० स्पार्टन नागरिकांपैकी ४०० पडले. तेवढ्या एका दुपारी स्पार्टाचे वर्चस्व संपले. ॲरिस्टॉटलने 'राज्यशास्त्र' या ग्रंथात याचे मर्म अचूक सांगितले आहे. स्पार्टन श्रेष्ठ ठरले ते त्यांची पद्धत चांगली होती म्हणून नव्हे, तर इतर कोणी सराव करीत नव्हते म्हणून. इतरांनी सराव सुरू करताच ते मागे पडले.

अथेन्सला पाचव्या शतकात याच गोष्टीचा अभिमान होता. इ.स.पू. ४३१ च्या हिवाळ्यात, पेलोपोनेशियन युद्धात पडलेल्यांच्या अंत्यविधीप्रसंगी पेरिक्लीजने केलेले भाषण थ्यूसिडिडीजने नोंदविले आहे. शत्रू लहानपणापासून कष्टाच्या कसरतींनी शौर्य मिळवू पाहतात. आम्ही मोकळेपणाने जगतो आणि तरीही संकटाला तोंड देण्यात त्यांच्याहून कमी पडत नाही, असा त्यातील एका भागाचा आशय आहे. शौर्य हे आपल्या राज्यपद्धतीचे फळ आहे, ते तालमीत वेगळे पिकवावे लागत नाही, असा विश्वास त्यामागे होता.

हा विश्वास किती पक्का होता, याची तपासणी प्लेटोने 'लाखेस' या संवादात केली आहे. दोन थोरांचे दोन सामान्य पुत्र आपल्या मुलांच्या शिक्षणाची चिंता करीत आहेत. जड शस्त्रे घेऊन लढण्याची कला शिकविणारे शिक्षक गावात आले आहेत; मुलांना त्यांच्याकडे धाडावे काय? सल्ल्यासाठी त्यांनी निकियस व लाखेस हे दोन सेनापती बोलावले आहेत. निकियस म्हणतो, धाडावे. लाखेस म्हणतो, या विद्येत काही अर्थ असता तर स्पार्टाने ती आधी उचलली असती. मग सॉक्रेटिस विचारतो की मुळात धैर्य म्हणजे काय, आणि दोघाही अनुभवी सेनापतींना त्याचे उत्तर देता येत नाही. प्लेटोच्या वाचकांना दोघांचा शेवट ठाऊक होता. लाखेस इ.स.पू. ४१८ मध्ये मँटिनियाच्या रणात पडला. निकियसने इ.स.पू. ४१३ मध्ये सिसिलीत चंद्रग्रहण पाहून, ज्योतिष्यांच्या सांगण्यावरून माघार लांबविली आणि सारे सैन्य गमावले. संवादात सॉक्रेटिस सहज म्हणून जातो की कायद्याने सेनापती ज्योतिष्याच्या वर आहे, ज्योतिषी सेनापतीच्या वर नाही. हे वाक्य निकियसच्या समोर उच्चारले जाते, यातच सर्व आले. शस्त्र चालविण्याचे शिक्षण आणि ते केव्हा, कशासाठी चालवावे याचे शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या संवादाचा धडा अथेन्सला पुढे कामी यावयाचा होता.

इ.स.पू. ३३८ मध्ये कायरोनियाच्या मैदानावर मॅसिडोनियाच्या फिलिपने अथेन्स व थीब्ज यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. अथेन्सचे १,००० नागरिक पडले, २,००० कैद झाले. या धक्क्यानंतर, इ.स.पू. ३३५ च्या सुमारास, एपिक्रटीज नावाच्या गृहस्थाने मांडलेल्या कायद्याने एफिबियाला पक्के स्वरूप आले. इ.स.पू. ३३४-३३ पासून एफीबांचे शिलालेख मिळू लागतात. तत्पूर्वी असे काही होते की नव्हते, हा वाद जुना आहे. जर्मन पंडित विलामोवित्स याने १८९३ मध्ये, ही संस्था कायरोनियानंतरच जन्मली असे प्रतिपादन केले. परंतु वक्ता एस्किनीज इ.स.पू. ३४३ मधील भाषणात सांगतो की बालपण सरल्यावर आपण दोन वर्षे सीमेवर गस्त घातली. म्हणजे प्रथा जुनी होती. आमच्या मते, रूढीला कायद्याने शिस्त, वेतन आणि अधिकारी दिले, असे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ जाईल.

या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन आपल्याला मिळाले तेही एका योगायोगाने. ॲरिस्टॉटलच्या नावे असलेला 'अथेन्सची राज्यघटना' हा ग्रंथ शतकानुशतके हरवलेला होता. इजिप्तमधून ब्रिटिश म्युझियमकडे आलेल्या काही पपायरसांवर तो सापडला आणि १८९१ मध्ये फ्रेडरिक केन्यन याने तो प्रसिद्ध केला. पपायरसाच्या एका बाजूस पहिल्या शतकातील एका शेतमळ्याचा जमाखर्च आहे. कोणीतरी तेच कागद उलटून पाठीमागे हा ग्रंथ उतरवून घेतला. त्याच्या बेचाळिसाव्या प्रकरणात एफीबांची हकीकत येते.

मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याच्या 'डीम'चे, म्हणजे गावाचे वा पेठेचे, सदस्य शपथेवर मतदान करीत : याचे वय पुरे आहे काय, हा स्वतंत्र आणि नागरिक मातापित्यांच्या पोटी जन्मलेला आहे काय? स्वतंत्र नाही असे ठरल्यास त्याला न्यायालयात दाद मागता येई. तेथे जिंकला तर डीमला त्याची नोंद करावीच लागे. हरला तर नगरराज्य त्याला गुलाम म्हणून विकून टाकी. नागरिकत्वाचे दार किती अरुंद होते, याची याहून बोलकी खूण दुसरी नाही. पुढे नगरसभेचे मंडळ ही यादी तपासी आणि कमी वयाचा मुलगा आढळल्यास त्याला घेणाऱ्या डीम-सदस्यांनाच दंड करी.

यानंतरचा तपशील आम्हांला विशेष महत्त्वाचा वाटतो. दहा जमातींपैकी प्रत्येकीतील मुलांचे वडील एकत्र जमत आणि शपथेवर, चाळिशी ओलांडलेल्या तिघांची नावे सुचवीत. त्यांतून एकाला लोकसभा निवडी. हा 'सोफ्रॉनिस्टेस', म्हणजे संयम शिकविणारा. सर्वांवर एक 'कॉस्मेटेस', म्हणजे व्यवस्था राखणारा, असे. थोडक्यात, तरुणांना कोणाच्या हाती द्यायचे हे सेनापती ठरवीत नसत. बाप सुचवीत आणि जनता निवडी. मग देवळांची प्रदक्षिणा करून सारे पिरियस बंदराकडे जात. काही म्युनिकियाच्या टेकडीवर पहारा देत, काही अक्टेच्या किनाऱ्यावर. व्यायामाचे दोन शिक्षक आणि जड शस्त्रे, धनुष्य, भालाफेक व दगडफेकी यंत्रे शिकविणारे उस्ताद असत. एफीबाला दिवसाला ४ ओबोल मिळत, सोफ्रॉनिस्टेसला १ द्राक्मा, म्हणजे ६ ओबोल. मुलांचे पैसे सोफ्रॉनिस्टेसच्या हाती येत आणि तो सर्वांचा शिधा एकत्र खरेदी करी. जेवण जमातवार एका पंक्तीला होई. न्यायालयात ज्यूरीचे काम करणाऱ्या नागरिकाला ३ ओबोल मिळत, हे ध्यानात घेतले तर ही रक्कम अगदीच क्षुल्लक नव्हती.

वर्ष संपले की नाट्यगृहात लोकसभा भरे. ज्या जागी शोकांतिका होत, तेथे ही मुले आपली कवायत नागरिकांना दाखवीत आणि नगरराज्याकडून ढाल व भाला स्वीकारीत. दुसरे वर्ष सीमेवरील गस्तीत आणि गढ्यांच्या पहाऱ्यात जाई. या दोन वर्षांत त्यांना कर नसे, आणि वारसा, वारसदार कन्या किंवा कुळाकडे चालत आलेले पौरोहित्य एवढे विषय सोडता कोणत्याही खटल्यात पडता येत नसे. फ्रेंच अभ्यासक पिएर व्हिदाल-नाके याने १९६८ मधील आपल्या गाजलेल्या निबंधात या उंबरठ्यावरच्या अवस्थेकडे लक्ष वेधले. काळा झगा घातलेला, नगराच्या कडेला फिरणारा एफीब हा रांगेत लढणाऱ्या प्रौढ सैनिकाचे जणू उलटे प्रतिबिंब होता, असे त्याचे म्हणणे. त्याच्या सगळ्याच अनुमानांना आमची मान्यता नाही. पण मूल आणि नागरिक यांच्या मध्ये नगराने मुद्दाम एक मोकळी जागा ठेवली होती, हे त्याचे निरीक्षण पटण्यासारखे आहे.

आता शपथेविषयी. ॲक्रोपोलिसवरील अग्लॉरसच्या देवस्थानी एफीब ती घेत. नगर वाचावे म्हणून कड्यावरून उडी घेतलेली राजकन्या, अशी अग्लॉरसची एक आख्यायिका आहे. शपथेचा मजकूर कोरलेली शिळा अकार्नाई या गावी सापडली आणि १९३८ मध्ये लुई रोबेर याने ती प्रसिद्ध केली. शस्त्रांना कलंक लावणार नाही, रांगेतील शेजाऱ्याला सोडणार नाही, मिळाली त्याहून लहान भूमी पुढच्यांच्या हाती देणार नाही, हे सर्व तीत आहेच. पण आज्ञापालनाचे कलम वाचताना वाचक थबकतो. वेळोवेळी जे विवेकाने राज्य करतील त्यांचे ऐकेन, असे तो तरुण म्हणतो. प्रस्थापित कायदे पाळण्याचे वचन तो देतो, भविष्यात विवेकाने केले जातील त्यांचेही. आणि ते कोणी मोडू पाहील तर एकटा किंवा सर्वांसह त्याला अडवीन, असेही म्हणतो. साक्षीला देवांसोबत मातृभूमीच्या सीमा आहेत, आणि गहू, सातू, द्राक्षवेली, ऑलिव्ह, अंजीर आहेत. हातात शस्त्र देताना त्याच श्वासात विवेकाची अट घालणारी शपथ आम्हांला तरी विरळा वाटते.

शपथेने माणूस बांधला जातो काय? इ.स.पू. ३३० मध्ये लायकर्गस या मुत्सद्द्याने (स्पार्टाचा पुराणप्रसिद्ध स्मृतिकार तो निराळा) लिओक्रटीज नावाच्या नागरिकावर खटला भरला. कायरोनियाची बातमी येताच तो अथेन्समधून निघून गेला होता. लायकर्गसने न्यायालयात ही शपथ वाचून दाखविली. निकाल असा लागला की मते जवळजवळ दुभंगली आणि लिओक्रटीज सुटला. शपथ घेणाऱ्यांनीच शपथ मोडणाऱ्याला सोडून दिले, असे कोणी म्हणेल. पण आरोपीला बोलू देऊन, मोजून मते टाकून सोडणे हाही त्या नागरी शिक्षणाचाच भाग होता.

खरी शोकांतिका वेगळीच आहे. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर अथेन्सने उठाव केला आणि इ.स.पू. ३२२ मध्ये क्रॅनन येथे पराभव पत्करला. विजेत्या अँटिपेटरने २,००० द्राक्मांहून कमी मालमत्ता असलेल्यांचे राजकीय हक्क काढून घेतले आणि म्युनिकियाच्या टेकडीवर मॅसिडोनियाची शिबंदी बसविली. ज्या टेकडीवर एफीब पहारा शिकत, तीच टेकडी आता नगरावर पहारा ठेवू लागली.

एफिबिया मात्र बंद पडली नाही. तिसऱ्या शतकात ती ऐच्छिक व एक वर्षाची झाली आणि श्रीमंतांची काही डझन मुलेच तीत उरली. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस परदेशी तरुणांनाही प्रवेश मिळू लागला. एफीब तत्त्वज्ञांची व्याख्याने ऐकत, ग्रंथालयाला पुस्तके देत, उत्सवांत मिरवत. ग्रीक वस्ती जेथे गेली तेथे व्यायामशाळा गेली. अफगाणिस्तानातील आय खानूम येथेही तिचे अवशेष मिळाले आहेत. मॅसिडोनियातील बेरोइया येथील नियमपट्ट उपलब्ध आहे. त्यात गुलाम, मुक्त केलेले गुलाम व त्यांचे पुत्र, बाजारात धंदा करणारे, मद्यपी आणि वेडे यांना मज्जाव आहे, आणि शरीरसौष्ठव, शिस्त व परिश्रम यांसाठी बक्षिसे आहेत. जेरुसलेममध्ये इ.स.पू. १७५ च्या सुमारास जेसन या मुख्य पुरोहिताने अशीच संस्था काढली तेव्हा परंपरानिष्ठ ज्यूंना ती धर्मावरील आघात वाटली. नागरिक घडविणारी शाळा आता 'ग्रीक' असल्याचा दाखला देणारी शाळा झाली होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात हेरोडीस ॲटिकस या धनिकाने एफीबांचे काळे झगे बदलून पांढरे दिले. मिरवणुकीत ते अधिक शोभून दिसले असतील. तिसऱ्या शतकानंतर शिलालेख थांबतात.

असो. या सर्व इतिहासातून कवायत निरुपयोगी, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. तिचे गोडवे गाणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट विसरू नये. चौथ्या शतकातील एफीब दोन वर्षे संपवून जेव्हा परते, तेव्हा त्याच्यासमोर एक लोकसभा होती आणि तीत हात वर करण्याचा त्याला हक्क होता. युद्ध करावे की नाही हे तो ठरवी, आणि मग ते लढे. अर्थात हा हक्क स्त्रियांना नव्हता, गुलामांना नव्हता, पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहून कर भरणाऱ्या परकीयांनाही नव्हता. त्या व्यवस्थेचा हा डाग पुसता येणार नाही. पण ज्यांना तो होता त्यांच्या बाबतीत ढाल, भाला आणि मत या तिन्ही गोष्टी एका साखळीच्या कड्या होत्या. पुढे मताची कडी निखळली. ढाल आणि भाला राहिले, शिक्षक राहिले, बक्षिसे वाढली आणि झगेही उजळले. परंतु त्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या तरुणाने ठरवावे असे काहीच उरले नव्हते. तरुणांना शिस्त हवी असे म्हणणाऱ्यांना म्हणून आम्ही एवढेच विचारू : शिस्त लागल्यावर त्यांच्या हाती निर्णय कोणता देणार आहात?