कोंडा कुणी काढला?

येडशीकडे पूर्वी रोजची भाकरी ज्वारीची आणि गव्हाची पोळी सणावाराला. पण ज्वारी असो की गहू, जात्यात घातलेला दाणा सगळाच्या सगळा पिठात उतरे. पुढे गावात गिरणी आली, तरी हे बदलले नाही. मग मैदा आला कुठून?

गव्हाच्या दाण्यात शेकडा सुमारे 83 भाग पिठूळ गर, 14 भाग कोंडा आणि जेमतेम 3 भाग अंकुर. दगडी जात्यात हे सारे एकत्रच भरडले जाते. 1870 नंतर युरोपात पोलादी रुळांच्या गिरण्या पसरल्या. त्यांनी गर तेवढा वेगळा काढला. अंकुरातील तेलाने पीठ खवट होते. तो काढला की पीठ खूप टिकते. व्यापाऱ्याचे साधले, पण लोह, ब जीवनसत्त्वे आणि चोथा यांचा मोठा वाटा कोंड्या-अंकुराबरोबर गेला.

1942 साली, महायुद्धात धान्य आणायला जहाजे अपुरी पडू लागली, तेव्हा ब्रिटनमध्ये सरकारने गव्हाचा शेकडा 85 भाग पिठात ठेवायला लावला. पांढऱ्या पावाला सरावलेले लोक कुरकुरले; पण जे टाकले जात होते ते अन्नच होते, हे अडचणीने दाखवून दिले.

आज पाव, खारी, बिस्किटे खेड्यातही मिळतात, ती बहुधा मैद्याची. घरीही आपण कणीक बारीक चाळतो आणि कोंडा म्हशीपुढे ठेवतो. त्यात कस आहे हे ठाऊक असते म्हणूनच ना? मग पोराच्या ताटातून तो का काढावा? गुरुजी, एवढा प्रश्न वर्गात जरूर विचारा.