रथमुसल आणि चाकांवरची युद्धयंत्रे

मगधाधिपती कूणिक ऊर्फ अजातशत्रू आणि वैशालीचे गणप्रमुख चेटक यांच्यातील युद्ध जैन वाङ्मयात सुपरिचित आहे. नातवाने आजोबांवर शस्त्र उगारले आणि त्यास निमित्त झाले सेचनक हत्ती व अठरा पदरी हार यांचे. चेटकांच्या बाजूस नऊ मल्लकी व नऊ लिच्छवी असे काशी-कोसलचे अठरा गणराजे उभे राहिले. या युद्धातील महाशिलाकंटक व रथमुसल या दोन संग्रामांचे वर्णन भगवतीसूत्राच्या सातव्या शतकातील नवव्या उद्देशकात आले आहे.

पहिल्या संग्रामात गवताची काडी, पान वा खडा लागला तरी प्रचंड शिळेचा आघात झाल्यासारखे वाटे. दुसऱ्यात घोडा नाही, सारथी नाही, योद्धा नाही असा मुसळयुक्त रथ चौफेर धावून संहार करीत होता. आगमानुसार हे सामर्थ्य कूणिकास इंद्रांच्या साहाय्याने लाभले. आधुनिक अभ्यासकांनी मात्र पहिल्याचा संबंध शिळा फेकणाऱ्या यंत्राशी व दुसऱ्याचा चालत्या युद्धयंत्राशी जोडला आहे.

घोड्यांवाचून रथ चालावा कसा, हा प्रश्न साहजिक आहे. त्यावर ग्रीक इतिहासातील एका उदाहरणाने प्रकाश पडतो. इ. स. पूर्व ३०५ मध्ये डिमेट्रियस राजाने ऱ्होड्स नगरास वेढा घातला. त्याने बांधविलेला चाकांवरचा मनोरा नऊ मजली, सुमारे शंभर हात उंच, तर पाया प्रत्येक बाजूस सुमारे पन्नास हात असल्याचे डायोडोरस हा इतिहासकार सांगतो. तो हलविण्यासाठी ३,४०० बलवान माणसे निवडली होती. काही आत राहून, तर काही मागून रेटीत असत. समोरच्या शत्रूस ओढणारे कोणीच दिसत नसे. ओढणारी जनावरे पुढे जुंपली तर तीच प्रथम बाणांना बळी पडणार, हे त्यामागील साधे व्यावहारिक कारण होय. रथमुसलातही अशीच काही योजना असावी, असा तर्क करण्यास जागा आहे.

चालत्या आधारावर यंत्र चढविणे सोपे नव्हते. भार खाली ठेवावा लागे. इ. स. पूर्व ३०६ मध्ये सायप्रसमधील सॅलॅमिसच्या वेढ्यात याच राजाने सर्वांत जड दगडफेकी यंत्रे तळमजल्यांवर, तर हलकी वरच्या मजल्यांवर ठेविली होती. तो मनोरा शत्रूने जाळला. ऱ्होड्सच्या मनोऱ्यास तीन बाजूंनी लोखंडी पत्रे होते आणि खिडक्यांवर लोकर भरलेली कातडी झाकणे होती, जेणेकरून दगडाचा मारा मऊ पडावा. आठ भरीव चाकांच्या धावा दोन हात रुंद होत्या. बाजूस वळण्याचीही सोय होती.

एवढे करूनही जमीन अनुकूल नसेल तर सारा खटाटोप व्यर्थ. नगरवासीयांनी मार्गावर पाणी व चिखल ओतला आणि मनोरा रुतून बसला, असे व्हिट्रुव्हियस लिहितो. इ. स. पूर्व ३०४ मध्ये तह झाला. मागे राहिलेली युद्धसामग्री विकून आलेल्या ३०० टॅलेंट रकमेतून ऱ्होड्सचा जगप्रसिद्ध सूर्यपुतळा उभारला गेला, असे प्लिनी नमूद करतो.

पुढे रोमनांनी आकाराचा मोह सोडला. खेचरांनी ओढावयाच्या गाडीवर त्यांनी छोटे बाणफेकी यंत्र बसविले आणि त्यास अकरा माणसे नेमली. इ. स. ११३ मधील ट्रेजन स्तंभावर त्याचे शिल्प आहे.

यंत्रे बदलली, परंतु त्यांनी साधले काय? भगवतीसूत्र पहिल्या संग्रामात ८४ लक्ष व दुसऱ्यात ९६ लक्ष मनुष्यांचा संहार सांगते. रणात पडणारा स्वर्गास जातो या लोकसमजुतीविषयी गौतमस्वामींनी विचारले असता भगवान महावीरांनी ती मिथ्या ठरविली. बहुतेक जीव नरक व तिर्यंच गतीस गेले, असे त्यांनी सांगितले.

याच रथमुसल संग्रामात वैशालीचा श्रमणोपासक वरुण राजाज्ञेने गेला होता. प्रथम प्रहार करणाऱ्यावरच प्रहार करावयाचा, असा त्याचा नियम होता. प्रतिपक्ष्याने आधी बाण सोडल्यावरच त्याने धनुष्य ओढले. मर्मी घायाळ झाल्यावर त्याने रथ रणाबाहेर एकांतात नेला, घोडे मोकळे केले, दर्भासनावर बसून व्रतांचा उच्चार केला आणि समाधिमरण स्वीकारले. तो देवलोकी गेला. रथमुसलात पडलेल्या ९६ लक्षांत देवगती लाभलेला तो एकच होता.