पदरचा पैसा आणि परमुलखातली पत

परगावी निघालेल्या माणसाला घरची वडीलधारी मंडळी दोन गोष्टी आवर्जून विचारीत : शिदोरी घेतलीस का, आणि पैसे नीट बांधलेस का? नीट बांधणे म्हणजे कमरेच्या कशात ठेवणे किंवा बंडीच्या आतल्या बाजूस शिवून टाकणे. साताऱ्याहून पंढरपूरला किंवा सांगलीहून नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्यास एवढी तजवीज पुरत असे. परंतु वाट लांबली की हाच कमरेचा पैसा जिवावर उठे. म्हणून काशीयात्रेला निघालेला शहाणा माणूस रोकड गावच्या सावकाराच्या पेढीवर ठेवी आणि तेवढ्या रकमेचा एक कागद घेऊन निघे. तो कागद म्हणजे हुंडी.

हुंडी ही आपल्या लोकांची मोठी हिकमत. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मिळत. मुदती हुंडीचे पैसे ठरलेले दिवस भरल्यावर मिळत. शहाजोग हुंडी कोणाही वाटसरूच्या हाती वटत नसे. ती घेऊन येणारा पेठेतला प्रतिष्ठित माणूस असावा लागे. कागदात रकमेची खाडाखोड होऊ नये म्हणून ‘रुपये शंभर, निमे पन्नास, त्याचे दुप्पट’ अशी लिहिण्याची रीत होती. मूळ हुंडी गहाळ झाली तर तिची ‘पेठ’ निघे, तीही हरवली तर ‘परपेठ’. या साऱ्या खटाटोपाबद्दल सावकार हुंडणावळ घेई. आणि हे सर्व चाले ते एका सावकाराचे अक्षर नि शब्द दुसऱ्या गावचा सावकार ओळखीत होता म्हणून.

समुद्र ओलांडला की ही ओळख विरळ होई. अरबी समुद्रापलीकडे मस्कत-झांझिबारला गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या, तिथवर ठीक होते. पण लंडनात आपल्या सावकाराचे अक्षर कोण ओळखणार? राघोबादादांचे वकील हणमंतराव आणि मणियार रतनजी 1781 साली विलायतेस गेले, तेव्हा त्या परक्या शहरात त्यांचे फार हाल झाले. शेवटी एडमंड बर्क या थोर मनाच्या आयरिश गृहस्थाने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी आसरा दिला आणि सोवळ्याने स्वयंपाक करण्यासाठी बागेतले काचघर मोकळे करून दिले.

यानंतर साठ वर्षांनी साताऱ्याचा एक माणूस त्याच लंडनात जाऊन राहिला, आणि तोही दोन-चार महिने नव्हे, तर सुमारे चौदा वर्षे. त्याचे नाव रंगो बापूजी गुप्ते.

छत्रपती प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारने 5 सप्टेंबर 1839 रोजी गादीवरून काढले आणि काशीस नेऊन ठेवले. त्यांची दाद कंपनीच्या मालकांपुढे आणि पार्लमेंटपुढे मागावी म्हणून रंगो बापूजी विलायतेस गेले. त्यांच्या स्वामिनिष्ठेबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे. प्रबोधनकार ठाकरे यांचा 1948 सालचा मोठा ग्रंथ तर प्रसिद्धच आहे. आपण आज या कथेकडे जरा हिशेबाच्या वहीतून पाहू.

त्या काळी सुएझचा कालवा नव्हता. तो खुला झाला 1869 साली. मुंबईहून आगबोटीने सुएझ, तेथून मिसर देशातले वाळवंट ओलांडून अलेक्झांड्रिया, तेथून पुन्हा जहाज, असा हा जवळचा मार्ग. टपाल याच वाटेने गेले तरी पोचण्यास महिना-दीड महिना लागे. म्हणजे लंडनात ‘पैसे संपले’ असे पत्र लिहिले, तर त्याचे उत्तर हाती पडेपर्यंत एक ऋतू सरून जायचा. रुपया सुमारे दोन शिलिंगांचा होता, म्हणजे एका पौंडास दहा रुपये. साताऱ्यात हजार रुपये म्हणजे मातबर रक्कम. लंडनात तिचे शंभर पौंड होत आणि घरभाडे, वकील नि छपाई यांत ते पाहता पाहता विरून जात. पैसा धाडायचा तोही मुंबई-कलकत्त्याच्या इंग्रजी पेढ्यांच्या बिलावर. हे बिल म्हणजे आपल्या हुंडीचीच विलायती बहीण. पण तिची किल्ली इंग्रजाच्या हाती.

आणि हे काम फुकटात होणारे नव्हते. कंपनीच्या मालकांच्या सभेत बोलावयाचे तर बोलणाऱ्याच्या नावे कंपनीचे भांडवल असावे लागे. गुलामगिरीविरुद्ध लढलेले वक्ते जॉर्ज टॉमसन, पार्लमेंटचे सभासद जोसेफ ह्यूम यांच्यासारखे लोक साताऱ्याच्या बाजूने उभे राहिले हे खरे. परंतु निवेदने छापणे, कागदांची इंग्रजी भाषांतरे करविणे, ती सभासदांच्या घरोघर पोचविणे, हा खर्च अशिलाच्या माथी होता. तो अशील काशीस नजरकैदेत, आणि ज्याच्याविरुद्ध फिर्याद त्याच सरकारच्या नेमणुकीवर जगणारा!

14 ऑक्टोबर 1847 रोजी प्रतापसिंह महाराज वारले. साताऱ्याच्या गादीवर बसविलेले त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब 5 एप्रिल 1848 रोजी गेले. त्यांनी मरतेसमयी घेतलेले दत्तक डलहौसीने नामंजूर केले आणि राज्य खालसा झाले. कोणाही वकिलाने येथे गाशा गुंडाळला असता. रंगो बापूजी आणखी पाच वर्षे थांबले. दौलत बुडाली तेव्हा त्या दौलतीच्या वकिलाची पतही बुडाली. राहिले ते त्यांच्या शब्दावर मिळेल तेवढे कर्ज.

1853 साली ते परत निघाले तेव्हा हे कर्ज कोणी फेडले? ज्या कंपनीविरुद्ध ते इतकी वर्षे भांडले, त्याच कंपनीने! देणेही तिने भागविले आणि परतीचे भाडेही तिनेच भरले. भांडकुदळ पाहुणा एकदाचा जावा, एवढाच त्यात हेतू असणार. परंतु रंगो बापूजींच्या मनाला ते किती झोंबले असेल! ज्या मुलखात आपली हुंडी वटत नाही, तिथे आपला न्यायही वटत नाही, हा धडा घेऊन ते साताऱ्यास आले. 1857 साली त्यांनी उठावाची जुळवाजुळव केली. ती फुटली आणि 8 सप्टेंबर 1857 रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर 17 जणांना देहान्त शिक्षा झाली. त्यात त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी मात्र निसटले, ते कोणाच्याही हाती लागले नाहीत.

पुढे काळ पालटला. टॉमस कुकने 1874 साली प्रवाशांसाठी ‘सर्क्युलर नोट’ काढली. 1891 साली अमेरिकन एक्स्प्रेसने प्रवासी चेक आणला. एक सही घेताना, दुसरी वटविताना. दोन्ही जुळल्या की पैसे. आपल्याकडेही सांगलीत 1916 साली सांगली बँक, साताऱ्यात 1936 साली युनायटेड वेस्टर्न बँक उभी राहिली. पेढीवरच्या ओळखीची जागा बँकेच्या शिक्क्याने घेतली. तरी गरिबाची अडचण संपली नाही.

कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले आणि सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला जायचे तर पुन्हा पैशाचा प्रश्न. देश स्वतंत्र झाला होता, पण खर्चाची झोळी फिरवावी लागली ती गावातच. गावकऱ्यांनी जमेल ते दिले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी काय केले? कुस्त्यांचे फड लावले, ते जिंकले आणि त्या इनामातून गुरुजींचे गहाण सोडविले.

त्यानंतरच्या काळात परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याला मोजके आठ डॉलर खिशात घालून विमानात बसावे लागे, हे आजही पुष्कळ घरांतले आजोबा सांगतात. 1947 च्या परकीय चलन कायद्याचा आणि त्यामागून आलेल्या 1973 च्या कायद्याचा तो अंमल. आज रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. विट्याचा किंवा वाईचा मुलगा जर्मनीत उतरताच खिशातले कार्ड यंत्रात घालून युरो काढतो; प्रवासी चेक तर जवळजवळ नाहीसाच झाला.

ही सोय मोठीच आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. यंत्राला अक्षर ओळखावे लागत नाही, माणूसही नाही. परंतु यंदाच्या दिवाळीत दूरदेशी गेलेल्या मुलाशी बोलताना त्याला या दोघा सातारकरांची गोष्ट जरूर सांगावी. एकाचे कर्ज शत्रूने फेडले आणि तो सल त्याला जन्मभर पुरला. दुसऱ्याने आपले कर्ज आपल्या मनगटाने फेडले आणि तो गावात मान वर करून फिरला. कार्डात शिल्लक किती आहे हे यंत्र सांगेल. आपण कोणाच्या ऋणावर परदेशी आलो, हे ज्याचे त्याने ध्यानात ठेवावयाचे असते.