सात औंस व्हिस्की, ब्लॅक कॉफीतून

सकाळी सात वाजता एक औंस व्हिस्की, ब्लॅक कॉफीत घालून. नऊला पुन्हा एक. मग अकरा, एक, तीन, पाच आणि संध्याकाळी सातला शेवटची. बाकी दिवसभर पोटात काही नाही.

वाचून एखाद्या अट्टल तळीरामाचं वेळापत्रक वाटेल. पण हे आहे १९१५ साली छापलेल्या एका वैद्यकीय पुस्तकातलं. डॉ. लुईस हिल आणि रीना एकमन यांचं मधुमेहाच्या 'उपासउपचारा'वरचं हे छोटंसं पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट वाचायला मिळतं. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मधुमेहाच्या रुग्णांना कसं उपाशी ठेवायचं, याची त्यात रीतसर कृती दिली आहे. एक औंस म्हणजे साधारण ३० मिली, आपल्या भाषेत एक 'स्मॉल'. म्हणजे दिवसाला सात स्मॉल, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली!

(लेखक प्रामाणिक आहेत हं. व्हिस्की हा उपचाराचा आवश्यक भाग नाही, तिने थोड्या कॅलरी मिळतात आणि उपाशी माणसाला जरा बरं वाटतं, नको असेल तर साधं सूप द्या, असंही त्यांनी लिहून ठेवलंय.)

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, हे असलं पुस्तक शोधत का बसलो ते पुढे सांगतो. आधी त्या डॉक्टरांची बाजू समजून घेऊ, कारण ते वेडे नव्हते.

१९१५ मध्ये इन्शुलिन नव्हतं. लहान मुलाला मधुमेह झाला की आईबापांच्या हातात फार तर वर्ष-दोन वर्षं असायची. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेडरिक अ‍ॅलन नावाच्या डॉक्टरने साधा हिशेब मांडला. शरीराला साखर वापरता येत नाही ना, मग साखर आत जाऊच द्यायची नाही. लघवीतली साखर थांबेपर्यंत उपाशी ठेवायचं आणि मग तोलूनमापून थोडं थोडं खाऊ घालायचं. मुलं हाडांचे सापळे व्हायची, पण काही महिने किंवा काही वर्षं जास्त जगायची. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेतल्या एका बड्या राजकारण्याची मुलगी अ‍ॅलनकडे आली तेव्हा अकरा वर्षांची होती. तीन वर्षांनी, १९२२ च्या ऑगस्टमध्ये तिला टोरोंटोला नेलं तेव्हा तिचं वजन जेमतेम वीस किलो होतं.

अशा उपाशी माणसाला ऊर्जा द्यायची, पण साखर द्यायची नाही, तर द्यायचं काय? एक ग्रॅम मद्यात सात कॅलरी असतात आणि त्या वापरायला इन्शुलिन लागत नाही. आजच्या हिशेबाने सात स्मॉलमध्ये साडेचारशे-पाचशे कॅलरी होतात. पिष्ट पदार्थ बंद करून त्यांच्या जागी चरबी आणि मद्य द्यायची कल्पना तर त्याहून जुनी, पॅरिसच्या बूशार्दाची. १८७०-७१ च्या वेढ्यात पॅरिसमध्ये खाण्याचे हाल झाले आणि आपल्या रुग्णांच्या लघवीतली साखर कमी झाली, हे ज्याच्या लक्षात आलं तोच हा. आणि आपण फार हसायला नको. चरकाच्या प्रमेहचिकित्सेत लोध्रासव आहेच, आणि आसव म्हटलं की आंबवणं आलंच.

थोडक्यात, व्हिस्की हे 'गोड न होणारं इंधन' होतं. रुग्णाची साखर खाली यायची ती मुख्यतः उपासामुळे, पण व्हिस्कीने ती परत वर चढत नव्हती, हे डॉक्टरांना रोज दिसत होतं. हा समज इतका पक्का होता की अमेरिकेत १९२० मध्ये दारूबंदी आल्यावरही डॉक्टर चिठ्ठीवर व्हिस्की लिहून देत. १९२२ मध्ये तिथल्या मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांचं मत मागवलं, तर ५१ टक्के म्हणाले की व्हिस्की औषध म्हणून आवश्यक आहे. कशाकशावर, तर त्या यादीत मधुमेहही होता. (आपल्याकडेही १९४९ चा दारूबंदी कायदा आला तेव्हा त्यात आरोग्यासाठी दारू पिण्याचे परवाने होते. त्या काळात किती मुंबईकरांची तब्येत अचानक नाजूक झाली असेल, याची कल्पना करा!)

आता टोरोंटोकडे वळू. बँटिंग आणि बेस्ट यांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं, पण ते अशुद्ध होतं आणि फारसा फरक पडला नाही. २३ तारखेला दुसरं दिलं आणि ते चाललं. या बारा दिवसांत जेम्स कॉलिप या बायोकेमिस्टने कमाल केली होती. स्वादुपिंडाच्या अर्कात तो अल्कोहोलचं प्रमाण वाढवत गेला. एका पातळीपर्यंत नको असलेली प्रथिनं खाली बसतात आणि इन्शुलिन विरघळलेलं राहतं. नव्वद टक्क्यांच्या आसपास गेलं की इन्शुलिनही खाली बसतं. म्हणजे शुद्ध इन्शुलिन जगाला मिळालं ते अल्कोहोलमधून गाळून. तेव्हा सगळ्या ओंटारियो प्रांतात दारूबंदी होती हे आणखी वर.

याच कॉलिपच्या प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट दिसली. जास्त अर्क टोचला की ससे झटके येऊन कोसळत, आणि ग्लुकोज दिलं की पुन्हा उठून बसत. रक्तातली साखर वाजवीपेक्षा खाली जाणं, ज्याला आज आपण 'हायपो' म्हणतो, ते हेच.

आमच्या धंद्यात याला रिग्रेशन म्हणतात. एका ठिकाणी नवीन, उत्तम कोड टाकावा आणि दुसऱ्या टोकाला इतकी वर्षं बिनतक्रार चाललेली गोष्ट जीवघेणी व्हावी. १९२२ पर्यंत मधुमेहात धोका एकाच दिशेने होता, साखर वर जाण्याचा. त्यामुळे 'साखर न वाढवणारी' व्हिस्की निरुपद्रवी, उलट उपयोगीच. इन्शुलिन आलं आणि त्या दिवसापासून खाली पडायचा धोका सुरू झाला. पण व्हिस्कीचं प्रशस्तिपत्रक कुणी बदललं नाही.

खाली पडताना आपल्याला सावरतं कोण? लिव्हर. क्लोद बेर्नारने १८४८ मध्ये दाखवलं की नुसतं मांस खाल्लेल्या कुत्र्याच्या लिव्हरमधूनही साखर बाहेर पडते, आणि १८५७ मध्ये त्याने लिव्हरमधला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, वेगळा काढला. मोठ्या माणसात हा साठा शंभर ग्रॅमच्या आसपास असतो. एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. म्हणून रात्री आपण झोपलेले असताना लिव्हर दोन कामं करत असतं: साठ्यातली साखर सोडायची आणि लॅक्टेटसारख्या कच्च्या मालापासून नवी बनवायची.

आता त्यात दोन लार्ज पडले की काय होतं? लिव्हर मद्याला टॉप प्रायॉरिटी देतं. ते जाळताना एनएडी नावाचा रेणू भराभर खर्च होतो, आणि नेमका तोच लॅक्टेटपासून साखर बनवायला लागतो. म्हणजे मद्य संपेपर्यंत नव्या साखरेचं उत्पादन जवळजवळ ठप्प. साठा भरलेला असेल तर निभावतं. पण जेवण झालेलं नसेल, दिवसा दमछाक झाली असेल आणि वर इन्शुलिन साखर खाली ओढत असेल, तर सावरायला कुणीच नाही.

हे कळायला वेळ किती लागला बघा. १९४१ मध्ये ब्राऊन आणि हार्वी यांनी 'स्मोक' पिणाऱ्यांची नोंद छापली. 'स्मोक' म्हणजे रस्त्यावरचे गरीब लोक पीत ते भेसळीचं स्पिरिट. बेशुद्ध आलेल्या या लोकांची साखर भलतीच कमी निघाली. तेव्हा दोष भेसळीवर ढकलणं सोपं होतं. १९६३ मध्ये बोस्टनच्या नॉर्बर्ट फ्रेंकेल आणि सहकाऱ्यांनी उपाशी माणसांना शुद्ध इथेनॉल देऊन तीच अवस्था घडवून दाखवली. भेसळीचा संबंध नव्हता, काम इथेनॉलचंच होतं. १९६८ मध्ये त्याच गटातल्या आर्की यांनी इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णांवर लेख लिहिला. दारूनंतर साखर कोसळून काही दगावले, वाचलेल्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. लिव्हरमधली नेमकी गोची क्रेब्जने १९६९ मध्ये उलगडली. १९२२ ते १९६८, म्हणजे शेहेचाळीस वर्षं!

इतकी का? मला वाटतं याचं कारण साधं आहे. हायपो झालेला माणूस आणि प्यायलेला माणूस सारखेच दिसतात. बरळणं, झोक जाणं, घाम, विनाकारण चिडणं, मग गाढ झोप. त्यात तोंडाला वास असेल तर रक्त तपासायचं कुणाच्या डोक्यात येणार?

आमच्याही आलं नाही. गेल्या वर्षी एक मोठं रिलीज संपवून आम्ही टीमचे आठ जण लोणावळ्याला बंगला घेऊन राहिलो. एक मित्र लहानपणापासून इन्शुलिनवर. दुपारी तो दोन तास क्रिकेट खेळला. रात्री दोन लार्ज, सोबत चिकन आणि दाणे. भात-पोळीला हात लावला नाही, 'उगाच साखर वाढायला नको' म्हणून. साडेबारा-एकला काहीतरी असंबद्ध बोलायला लागला. आम्ही हसलो. एकाने व्हिडिओसुद्धा काढला. मग त्याला उचलून आत नेऊन झोपवलं. पांघरूण मीच घातलं.

दीडला माझा फोन वाजला. "तो फोन उचलत नाहीये." "वहिनी, झोपलाय, जरा जास्त झालीय." "किती घेतली?" "दोन." पलीकडे क्षणभर शांतता. "दोनमध्ये त्याला काही होत नाही. घाम आलाय का बघा. बॅगेच्या पुढच्या खणात मशीन आहे."

पट्टीवर आकडा आला ३८. उशी घामाने भिजली होती. नशिबाने गिळण्याइतकी शुद्ध होती, म्हणून साखरेचं पाणी पाजता आलं. वीसेक मिनिटांनी त्याने आम्हाला ओळखलं. नंतर दूध-बिस्किटं दिली, तरी चार वाजता आकडा पुन्हा घसरला. रात्रभर दर तासाला बोट टोचत बसलो. त्या रात्री कळलं की मला यातलं काहीच माहीत नाही, आणि मग हे वाचन सुरू झालं.

विचारलं तेव्हा त्याचं उत्तर होतं, "अरे, व्हिस्कीत साखर नसते ना, म्हणून बीअर सोडून व्हिस्की घेतो." १९१५ चंच लॉजिक! आपण सगळे हाच प्रश्न विचारतो, कशात साखर कमी? कोक मिसळला तर साखर चढते हे खरंच आहे. पण इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याने आधी विचारायचं ते हे, की लिव्हर किती तास कामात अडकणार?

हिशेब करू. ४२.८ टक्क्यांच्या ६० मिली लार्जमध्ये सुमारे २० ग्रॅम मद्य. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरच्या ६५० मिली बाटलीत ४१ ग्रॅम. लिव्हर तासाला साधारण सात-आठ ग्रॅम उरकतं, म्हणजे दोन लार्ज किंवा एक बाटली यांना पाच-सहा तास. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन बायकांना दिवसाला एक आणि पुरुषांना दोन 'ड्रिंक'ची कमाल मर्यादा सांगते, पण त्यांचं ड्रिंक १४ ग्रॅमचं. आपला एक लार्जच दीड ड्रिंक होतो.

आणि धोका त्या रात्रीपुरता नाही. २००१ च्या एका छोट्या प्रयोगात टाइप १ च्या सहा पुरुषांना रात्री वाईन दिली, वजनाच्या किलोमागे पाऊण ग्रॅम मद्य, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला अडीच लार्ज. दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर, सकाळी दहाच्या पुढे, सहापैकी पाच जणांना हायपोसाठी उपचार द्यावे लागले. नुसतं पाणी प्यायले त्या वेळी एकालाही नाही. सकाळी हँगओव्हर समजून पडून राहणारे हे लक्षात घ्या.

नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हायपोची भीती कमी, पण भरपूर पिणाऱ्यांत, विशेषतः किडनी किंवा लिव्हर कमजोर असेल तर, रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याचा धोका असतो. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्यांवर जास्त पिणं आणि न जेवणं यातून कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. त्यामुळे आपली गोळी कोणती हे डॉक्टरांना सरळ विचारावं, लाजू नये. 'रेड वाईन चांगली असते' म्हणणाऱ्यांसाठी: इस्रायलमधल्या २२४ रुग्णांच्या दोन वर्षांच्या अभ्यासात (२०१५) चांगल्या कोलेस्टेरॉलमध्ये थोडी सुधारणा दिसली खरी, पण २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मद्याचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही असं सांगितलं. पीत नसाल तर सुरू करायला हे कारण पुरेसं नाही.

मित्राने सोडलेली नाही. डॉक्टरांशी बोलून त्याने ठरवलंय: एकच लार्ज, तोही जेवणासोबत, ताटात भात किंवा पोळी हवीच. त्या दिवशी खेळला असेल तर नाहीच. झोपण्यापूर्वी तपासायचं, साखर कमी असेल तर काहीतरी खाऊनच झोपायचं, पहाटे तीनला पुन्हा तपासायचं. आम्हालाही त्याने बजावलंय की बरळायला लागलो तर आधी बोट टोचा. शुद्धीवर असेन तर साखर द्या, नसेन तर तोंडात काही ओतू नका, घशात अडकेल, सरळ हॉस्पिटल गाठा.

तो व्हिडिओ आम्ही डिलीट केला. पण त्याआधी त्याने स्वतः तो दोनदा पाहिला आणि म्हणाला, "यात मीही मला प्यायलेलाच समजलो असतो."