तुरकाट्या आणि परळीची तार

लाकूडफाटा अपुऱ्या हवेत जाळला की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असलेला ज्वलनशील वायू मिळतो. त्यावर इंजिन चालतं, इंजिनावर जनित्र. हे तंत्र नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा आपल्याकडे बसगाड्या कोळशाच्या वायूवर धावत. पुढे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाच्या पाचटाच्या वायूकरणावर काम केलं. सुंदरबनातल्या गोसाबा बेटावर १९९७ मध्ये ५०० किलोवॉटचं संयंत्र उभं राहिलं. मग बीड जिल्ह्यातल्या केजसारख्या तालुक्यात ही वाट राजमार्ग का झाली नाही?

इंधन नव्हतं, हे उत्तर अपुरं आहे. तुरकाट्या आणि पळाट्या होत्या, पण त्यांना धनी होते: चूल, कूड, कुंपण. कडबा तर जनावरांचाच. कोरडवाहू मुलखात ‘टाकाऊ’ म्हणावं असं फार थोडं असतं. शिवाय १९६० मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झालं आणि पुढच्या दशकात याच जिल्ह्यात परळीचं कोळशावरचं वीजकेंद्र आलं. तार आल्यावर भट्टीची गरजच काय, असं कोणी म्हणेल. वायूतला डांबरी अंश इंजिन बिघडवतो, देखभालीला जाणता माणूस लागतो, हेही खरं. पण २०१५ मध्ये परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. म्हणजे मोठी यंत्रणाही दुष्काळापुढे हतबलच. म्हणून प्रश्न यंत्राचा कमी, काडीवरच्या हक्काचा अधिक आहे. तो आधी सोडवावा, भट्टी नंतर पेटवावी.