ठाकुर्लीचे वीजघर आणि टेबलावरचा कपॅसिटर #धागा

डोंबिवली आणि कल्याण यांच्या मध्ये ठाकुर्ली. तेथे चोळे गावाजवळ जीआयपी रेल्वेने एकेकाळी स्वतःचे वीजघर चालवले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला भारतातील पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे ठाणे-कल्याण मार्गही त्याच दाबावर आला. एसीचा डीसी करण्याचे काम रुळांलगतची उपकेंद्रे करीत. गाडीला तयार डीसी मिळे.

मध्य रेल्वेचा मुख्य उपनगरी मार्ग २०१५ पर्यंत आणि हार्बर मार्ग एप्रिल २०१६ मध्ये २५,००० व्होल्ट एसीवर गेला. तेव्हापासून हे रूपांतर गाडीच्या पोटातच होते. रोहित्र दाब उतरवते, एसीचा डीसी होतो आणि त्यातील चढउतार कपॅसिटर भरून काढतो.

ठाण्यातील एखाद्या विद्यार्थ्याच्या पॉवर सप्लायमध्येही नेमके हेच घडते. फसगत होते ती आकड्यांत. रोहित्रावर १२ व्होल्ट लिहिलेले असले, तरी एसीच्या लाटेचा माथा सुमारे १७ व्होल्टवर असतो आणि कपॅसिटर तेथवर भरतो. म्हणून १६ व्होल्टचा कपॅसिटर नको, २५ चा घ्यावा. भार नसताना दाब आणखी चढतो. घरगुती २३० व्होल्टचा माथा तर ३२५ च्या घरात. तेथे ४०० किंवा ४५० व्होल्टचाच हवा.

इलेक्ट्रोलिटिक प्रकारात धन टोकाच्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. टोके उलटी जोडली की तो थर बिघडतो, आत वायू साठतो आणि डबी फुटते. डबीच्या माथ्यावरील खाचा त्यासाठीच. पंख्यातला कपॅसिटर एसीवर चालतो. त्याच्या जागी इलेक्ट्रोलिटिक बसवणे हा निव्वळ अविचार.

साठवलेल्या विजेचा पहिला मोठा धडा १७४६ चा. लायडनच्या पीटर व्हॅन मुशेनब्रुकला पाण्याच्या बरणीतून असा झटका बसला की, फ्रान्सचे राज्य मिळाले तरी पुन्हा हा प्रयोग करणार नाही, असे त्याने कळवले.

त्या बरणीहून आजची डबी कितीतरी लहान, पण धोका तोच. ३२५ व्होल्टवर भरलेल्या १०० मायक्रोफॅरॅडमध्ये पाच ज्यूलहून अधिक ऊर्जा असते, आणि प्लग काढल्यावरही ती तशीच राहते. १०० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर जोडल्यास दहा सेकंदांत दाब ३७ टक्क्यांवर येतो, मिनिटभरात जवळपास शून्यावर. तरीही आधी मल्टीमीटर लावावा, मगच बोट.