विसरलेला पासवर्ड आणि कुलपाची बदलत गेलेली जागा

यशवंतपूर हे बंगळुरूमधील एक मोठे रेल्वे स्थानक आहे. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आलेली अनेक मुले-मुली या परिसरात खोली घेऊन राहतात. १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्थाही जवळच आहे. समजा, तुम्ही त्यांच्यापैकीच एक आहात. जुना लॅपटॉप सुरू करता आणि पडद्यावर हार्ड डिस्कचा पासवर्ड मागितला जातो. तो तुम्हीच कधीतरी घातलेला असतो, पण आता आठवत नाही. आत प्रकल्प-अहवाल आहे आणि त्याची दुसरी प्रत नाही. दुरुस्तीच्या दुकानात एक जण म्हणतो, ‘थोड्या वेळात होईल.’ दुसरा म्हणतो, ‘डिस्क बदला, आतले विसरा.’ दोघेही खरे बोलत असू शकतात. कारण उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे : कुलूप नेमके कुठे लावले आहे? या टिपणात आपण त्या जागेचा इतिहास पाहू.

१. सामाईक संगणक : कुलूप वहीत

१९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने अनेकांना एकाच वेळी वापरता येणारी संगणकव्यवस्था दाखवली. यंत्र एक आणि वापरणारे अनेक, म्हणून ज्याच्या त्याच्या फाइली वेगळ्या राहाव्यात यासाठी पासवर्ड आला. सगळ्यांचे पासवर्ड एकाच फाइलमध्ये जसेच्या तसे लिहिलेले असत. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने जास्त वेळ यंत्र वापरता यावे म्हणून ती फाइलच छापून घेतली. १९६६ मध्ये एका गडबडीत हीच फाइल लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर उमटली.

यावर उपाय म्हणून पासवर्डऐवजी त्याचे उलट न फिरवता येणारे रूप साठवण्याची पद्धत आली. युनिक्समधील या पद्धतीवर रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये लिहिलेला लेख आजही अभ्यासला जातो. आता व्यवस्थापकालाही तुमचा जुना पासवर्ड सांगता येत नसे, पण नवा घालून देता येई. जुना पासवर्ड परत मिळवणे आणि नवा घालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लक्षात ठेवा.

२. वैयक्तिक संगणक : कुलूप दारावर

१९८४ च्या आयबीएम पीसी-एटी या यंत्राला पुढच्या बाजूला खरोखरची किल्ली होती. पुढे यंत्र सुरू होतानाच पासवर्ड मागण्याची सोय आली. तो मुख्य पट्टीवरील, बॅटरीवर चालणाऱ्या लहानशा स्मृतीत राहत असे. बऱ्याच यंत्रांत ती बॅटरी काढली किंवा पट्टीवरील एक जोडणी बदलली, की पासवर्ड नाहीसा होई. नंतरच्या अनेक लॅपटॉपमध्ये मात्र तो बॅटरीवाचून टिकणाऱ्या चिपमध्ये ठेवला गेला. तरीही कुलूप दारालाच होते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की माहिती वाचता येई. ‘थोड्या वेळात होईल’ म्हणणारा दुकानदार याच काळातला अनुभव सांगत असतो.

३. डिस्कचे स्वतःचे कुलूप

लॅपटॉप सहज चोरीला जातो आणि त्याची डिस्क सहज निघते. म्हणून १९९७ च्या एटीए-३ या मानकात पासवर्ड तपासण्याचे काम डिस्कवरच सोपवले गेले. डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली तरी ती पासवर्ड मागतेच. पाच वेळा चुकल्यावर वीज बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय ती पुढचा प्रयत्न स्वीकारत नाही.

या मानकात दोन पासवर्ड आहेत : एक वापरणाऱ्याचा, दुसरा ‘मास्टर’. सुरक्षेचे स्तरही दोन. ‘हाय’ स्तरावर मास्टर पासवर्डने डिस्क उघडते. ‘मॅक्सिमम’ स्तरावर मास्टर पासवर्डने फक्त सगळे पुसून डिस्क पुन्हा वापरात आणता येते. म्हणजे यंत्र वाचते, माहिती जाते. मात्र अशा साध्या डिस्कच्या चकत्यांवर माहिती उघड्या रूपातच असते. त्यामुळे विशेष साधने असलेल्या तज्ज्ञाला ती काही वेळा काढता येते.

४. माहितीच कुलूपबंद

चौथ्या टप्प्यात माहितीच गूढ रूपात लिहिली जाऊ लागली. २००१ मध्ये एईएस हे कूटमानक मान्य झाले. विंडोज व्हिस्टासोबत बिटलॉकर आले आणि स्वतःच कूटलेखन करणाऱ्या डिस्कही बाजारात आल्या. इथे पासवर्ड दार उघडत नाही. माहिती वाचण्याची खरी किल्ली त्याच्या मदतीने मोकळी होते.

ही किल्ली निदान १२८ बिटांची असते. भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ मध्ये बसवलेला ‘परम प्रवेग’ हा महासंगणक सीडॅकने उभारला. त्याची क्षमता ३.३ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे ३,३०० लाख कोटी आकडेमोडी. दर आकडेमोडीत एक किल्ली तपासता येते असे उदारपणे मानले, तरी सगळ्या किल्ल्या तपासायला लागणारा काळ विश्वाच्या वयाच्या दोन लाख पटींहून अधिक होतो. म्हणून कोणी किल्ली शोधत बसत नाही, पासवर्डचा अंदाज घेतो. तुम्हाला पासवर्डचा काही भाग आठवत असेल, तर आशा तेवढीच.

५. इतिहासाच्या विद्यार्थ्याने याचा विचार का करावा?

ब्राह्मी लिपी वाचण्याची किल्लीही एकदा हरवली होती. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये सांचीच्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच अक्षरे पुन्हा पुन्हा येतात हे हेरले. तो शब्द ‘दानं’ असावा या तर्कातून लिपी उलगडली. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद न शिकलेल्याला बंद वाटतात, पण मोडी शिकता येते. माणसाच्या भाषेत पुनरावृत्ती असते आणि अभ्यासक तिचाच माग काढतो. आधुनिक कूटलेखन नेमकी हीच पुनरावृत्ती पुसून टाकते. तुमच्या डिस्कपुढे प्रिन्सेपही हतबल ठरले असते. आजची पत्रे, हिशेब आणि छायाचित्रे उद्याच्या अभ्यासकाला मिळतील का, हे आपण किल्ली कुठे ठेवतो यावर ठरणार आहे.

६. प्रत्यक्षात काय कराल?

पडद्यावरील मजकूर आधी जसाच्या तसा लिहून घ्या. त्यावरून कुलूप दाराचे, डिस्कचे की माहितीचे हे बहुधा कळते. बिटलॉकर ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, कॉलेजच्या संगणक विभागाकडे किंवा छापून ठेवलेल्या कागदावर असू शकते. लॅपटॉप तुमचाच असल्याचे दाखवणारे बिल जवळ ठेवा. ‘रीसेट करतो’ असे कोणी म्हटले, तर पासवर्ड जाईल की माहितीही जाईल, हे आधी विचारा. आणि आज तुमचा लॅपटॉप उघडत असेल, तर माहितीची दुसरी प्रत आणि किल्लीचा कागद आजच वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

सारांश : कुलूप वहीतून दारावर, दारावरून डिस्कवर आणि डिस्कवरून माहितीत गेले. दर टप्प्याला चोराचे काम अवघड झाले, तसेच विसरणाऱ्या मालकाचेही.

विचारासाठी प्रश्न
१. पासवर्ड परत मिळवणे आणि नवा घालणे यांतील फरक चारही टप्प्यांच्या आधारे स्पष्ट करा.
२. मॅक्सिमम स्तरावर माहिती वाचवण्याऐवजी पुसण्याची सोय का ठेवली असावी?
३. घरातील कुलूपबंद डिजिटल कागदपत्रांची किल्ली पुढच्या पिढीकडे कशी सोपवाल?